एकदाच विचारतात

साहेब, माझ्या भाचीची जागा तुम्ही घालवली. नशिबानं घालवली नाही, तिकडच्या बाईनंही नाही. तुम्ही घालवली. लातूरला तुमचं जे केंद्र आहे, जिथं नर्स झालेल्या पोरींना परदेशातल्या कामासाठी तयार करतात, त्याच्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय, 'ऑस्ट्रेलियन संस्कृती व शिष्टाचाराचे संपूर्ण प्रशिक्षण'. त्यातला 'संपूर्ण' आधी खोडा आणि मग पुढचं वाचा.

नाझनीन माझ्या बहिणीची, सुलतानबीची पोरगी. तिचे वडील, आमचे दुल्हेभाई जिलानी, वारले तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून मायलेकी माझ्याच घरी, नांदेडला इतवाऱ्यात, गादीघराच्या वरच्या खोल्यांत. खाली मी कापूस पिंजायचो, गाद्या भरायचो, आणि वर ती पिंजणयंत्राच्या घरघरीत अभ्यास करायची. त्या घरघरीत पोरगी नर्स झाली. इथल्याच एका दवाखान्यात लागली. म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्यात तिचा हात लई हलका. कुशीवर वळवताना पेशंटला कळत नाही म्हणतात. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्यांच्या आश्रमांना नर्सा पाहिजेत असं तिनं ऐकलं आणि घरी न विचारता तुमच्या केंद्रात नाव घातलं. आयुष्यात तिनं स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट. मागितली म्हणजे काय, घडल्यावर सांगितली. मागणं तिला येत नाही. सगळी गोष्ट इथंच आहे.

मागणं का येत नाही ते सांगतो. आमच्याकडं पाहुण्याला चहा विचारला की पाहुणा नको म्हणतो. त्या नकोला काही किंमत नसते. परत विचारायचं, मग तो म्हणणार आत्ताच झाला. त्यानंतर विचारत बसायचं नाही, कप हातात द्यायचा. पहिल्याच बोलावण्याला हात पुढं करणारा आमच्यात हावरट, आणि पहिल्या नकोवर थांबणारा घरधनी कंजूष. आम्ही याला तकल्लुफ म्हणतो. तुमच्या घरी दुसरं काही म्हणत असतील, पण जावयाच्या ताटात त्यानं आडवा हात धरल्यावरही बोटांच्या फटीतून तूप सोडणारी तुमचीच आई ना? नाझनीनला सुलतानबीनं हेच शिकवलं. कुणी काही देऊ केलं तर आधी दुसऱ्याकडं बोट दाखव. तो परत तुझ्याकडं दाखवेल. मग घे.

आता तुमच्या वर्गात काय शिकवलं ते बघा. नाझनीन रविवारी घरी यायची तेव्हा आम्ही विचारायचो. काट्याचमच्यानं कसं खायचं हे शिकवलं. कांगारू रस्त्यावर आडवा आला तर गाडी कशी थांबवायची हे शिकवलं. पोरीला सायकल येत नाही, गाडी कुठली. त्यांच्या राजधानीचं नाव, क्रिकेटचा कप्तान, सुट्टीच्या दिवशी अंगणात मटण भाजतात ते. ते ऐकून सुलतानबी म्हणाली, मग त्यात नवीन काय, आपला कलीम कबाबवाला काय करून राहिला. शिष्टाचार शिकवणारे तुमचे सर कधी तिकडं गेले होते का, असं एका पोरीनं विचारलं, तर सर म्हणाले, प्रश्न शेवटी. आणि त्यांनी एक मंत्र सगळ्या पोरींकडून पाठ करून घेतला. समोरच्यानं काहीही विचारलं की हसायचं आणि म्हणायचं, नो प्रॉब्लेम.

लातूरच्या खोलीत नाझनीनच्या सोबतीला साक्षी होती. किल्लारीची पोरगी, वडील रामकिशनराव ऊस लावतात. दोघी एका ताटात जेवायच्या म्हटलं तरी चालेल. साक्षी डाळ-भात रांधायची आणि नाझनीन तिचे कपडे इस्तरी करायची. नाव ठेवायला जागा नाही अशी पोरगी, म्हणून पुढचं सांगताना माझा तिच्यावर राग नाही हे ध्यानात ठेवा.

दोघींची तिकडच्या एकाच आश्रमासाठी निवड झाली. गहू आणि मेंढ्यांच्या मुलखातलं लहानसं गाव. तिथली मुख्य बाई जॅनेट. शेवटची मुलाखत कॉम्प्युटरवर, दोघींची एकत्र, तुमच्याच केंद्राच्या खोलीत, तुमचे सर बाजूला उभे. बाई पहिल्यांदाच म्हणाली, मला जॅनेट म्हणा. नाझनीन भाजीवालीलाही खाला म्हणते. वयानं आईएवढ्या बाईला नुसतं नावानं कसं बोलवायचं? ती म्हणाली, जॅनेट मॅडम. बाई हसली आणि म्हणाली, मॅडम म्हटलं की मला माझी सासू आठवते.

मग बाईनं काम सांगितलं. तुम्ही दोघीही मला पाहिजेत, पण जागा आत्ता एकच मोकळी आहे. दुसरीचा भरवसा आज देता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला आधी यायला आवडेल?

नाझनीन हसली. तुम्ही शिकवलं होतं तसंच हसली. म्हणाली, साक्षीला आधी घ्या, मी थांबेन, नो प्रॉब्लेम.

आता साहेब, हेच बोलणं नांदेडात झालं असतं तर काय झालं असतं? साक्षी म्हणाली असती, नाही नाही, आधी तिला. नाझनीन परत म्हणाली असती, तिलाच. मग मोठ्या माणसानं दोघींकडं बघून ठरवलं असतं, आणि निदान दोघींच्या मनात काय आहे ते त्याला कळलं असतं. तिथं काय झालं? बाई म्हणाली, किती छान, थँक यू नाझनीन. आणि पडदा काळा झाला. तुमचे सर म्हणाले, फार छान उत्तर दिलंस.

पोरगी घरी येऊन वाट बघत बसली. कशाची, तर बाई परत विचारेल याची. ती एकटीच नाही, आम्ही सगळेच. सुलतानबी म्हणायची, विचारतील, कुणी एकदा विचारून थांबतं का, माणसं आहेत ती पण. फोन भाकरीच्या तव्याशेजारी ठेवून ती स्वयंपाक करायची. मी दुकानात मशीन बंद करून कान देत बसायचो. एकदा वाजला, सगळे धावलो. हदगावचं गिऱ्हाईक होतं, लग्नातल्या गाद्या कधी होतील विचारत होतं. त्याला मी इतकं वाईट बोललो की नंतर माफी मागावी लागली.

बाईचा फोन आला नाही. साक्षीचा आला, की नेमणुकीचं पत्र मिळालं. नाझनीननं तिला मुबारक म्हटलं, हसून. मग गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या कापसात तोंड घालून रडली. घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी वर गेलो होतो कापूस उलटायला, तसाच खाली आलो.

थोड्या दिवसांनी साक्षी वडिलांना घेऊन आमच्या दारात. रामकिशनराव सोबत गुळाची ढेप घेऊन आलेले. सुलतानबीनं चहा विचारला. रामकिशनराव म्हणाले, नको ताई, आत्ताच स्टँडवर घेऊन आलो. खोटं. ओठ वाळलेले दिसत होते. बहिणीनं त्यांच्याकडं न बघताच पातेलं चढवलं. ते दुसऱ्यांदा नको म्हणाले तोवर दूध उतू जायला आलं होतं.

साक्षी कप हातात घेऊन बसली होती, पीत नव्हती. मग नाझनीनकडं न बघता बोलली.

"त्या दिवशी मी उलटं म्हणायला पाहिजे होतं. 'नाही, आधी तिला.' माझ्या तोंडात आलं होतं गं. पण बाईनं थँक यू म्हटलं आणि मी गप बसले. मला पण पाहिजे होती जागा."

रामकिशनराव जमिनीकडं बघत म्हणाले, "किल्लारीत आल्यापासून पोरगी जेवून न्हाई राहिली. आम्ही म्हटलं, चल, जिचं मन दुखलं तिच्या पुढं बस."

नाझनीन उठली, साक्षीच्या हातातला थंड झालेला चहा घेऊन गरम करून आणला. ही आमची माफी. पण साक्षी तेवढ्यासाठी आली नव्हती. जाण्याच्या तयारीसाठी तिचं जॅनेट बाईशी बोलणं झालं होतं. साक्षीनं धीर करून नाझनीनबद्दल विचारलं, तर बाई म्हणाली, तिनं तर थांबेन म्हटलं, मी विचारलं होतं. साक्षी म्हणाली, ती तसं रीत म्हणून बोलली, तिला यायचंय. बाई म्हणाली, यायचं असेल तर तिनं मला स्वतः सांगावं. तू सांगून चालणार नाही.

म्हणजे आता काय करायचं होतं? फोन लावायचा आणि म्हणायचं, मला ही नोकरी पाहिजे. एवढंच. तुम्हाला वाटेल सोपं. आमची पोरगी दोन दिवस आरशापुढं उभी राहिली आणि प्रत्येक वेळी तोंडातून निघायचं, तुम्हाला जमत असेल तर, दुसरी कुणी नसेल तर, त्रास होणार नसेल तर. साक्षी किल्लारीहून फोनवर ऐकायची आणि म्हणायची, परत तेच. सुलतानबी म्हणाली, पोरगी भीक मागून राहिली का, सरळ का मागत नाही. मी म्हटलं, आपा, तिला असं कुणी केलं? बहीण पदरानं भांडं पुसायला लागली, पुसलेलंच.

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं, आज मी जॅनेट. घरात खिचडी आणि चिंचेचा पातळ खट्टा झाला होता, वर तळलेला पापड. दस्तरखान अंथरून सगळे जेवायला बसलो. मी नाझनीनला विचारलं, वाढू का? ती सवयीनं म्हणाली, नको मामू, तुम्ही घ्या आधी. मी तिच्यापुढचं ताट उचललं आणि फळीवर ठेवलं.

तिला वाटलं मी मस्करी करतोय. सुलतानबीला वाटलं माझं डोकं फिरलं. पोरीच्या पुढचं ताट उचलतोस, शरम न्हाई का, जिलानी असते तर तुझा हात मोडला असता, असं बरंच बोलली. मी म्हटलं, तिनं नको म्हटलं, मी ऐकलं. तिकडं नकोला नको म्हणतात. आणि मी जेवलो. भाची उपाशी आणि मामू ताट चाटतोय. आमच्यात याच्याइतकं ओंगळ काही नाही. पण मी जेवलो.

ती उठून कामाला लागली. तिच्यातही बापाची जिद्द. नमाजहून आलो तरी ती उपाशीच, आणि माझ्या भीतीनं सुलतानबीनंही काही दिलं नव्हतं. फक्त फळीवरच्या ताटावर झाकण घातलं होतं. मी खाली दुकानात गेलो. उशीत कापूस भरत होतो तेवढ्यात ती जिन्यात येऊन उभी राहिली.

"मामू, मला भूक लागलीय. मला जेवायला पाहिजे."

आधी काही नाही, नंतर काही नाही. जमत असेल तर नाही, त्रास होणार नसेल तर नाही. मी हातातली उशी तशीच टाकली, वर जाऊन ताट उतरवलं, खट्टा गरम केला आणि पोरीपुढं ठेवला. सुलतानबी भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती म्हणाली, माझ्या पोटात आल्यापासून हिनं पहिल्यांदा काही मागितलं.

फोन दुसऱ्या दिवशी लावला. मी शेजारी बसलो होतो. मला इंग्रजी कळत नाही, पण पोरीची मान सरळ होती हे कळत होतं. बोलणं संपल्यावर तिनं सगळं सांगितलं. ती म्हणाली होती, जॅनेट, मी थांबेन म्हटलं होतं ते नुसतं रीत म्हणून. मला ही नोकरी हवी आहे. मी चांगलं काम करते. मॅडम म्हटलं नाही. नुसतं जॅनेट.

बाईनं विचारलं, मग त्या वेळी का नाही सांगितलंस? नाझनीननं आमची रीत समजावली. पहिलं नको खरं नसतं, परत विचारायचं असतं. बाई ऐकत राहिली. मग जे बोलली ते मी तुमच्या सरांसाठी मुद्दाम लिहितोय. ती म्हणाली, आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात की माणसानं नाही म्हटलं तर ते मानायचं. मी तुला परत विचारलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता, तुला तुझं मन कळत नाही, मला कळतं. ते मला उद्धट वाटलं असतं. मी तुझा मान राखला असं समजत होते.

साहेब, इतके दिवस आम्ही त्या बाईला दगडाच्या काळजाची म्हणत होतो. सुलतानबीनं तर तिला दोन-चार शिव्याही घातल्या होत्या, दखनीतल्या, ज्या इथं लिहिता येत नाहीत. आणि ती बाई तिकडं आमच्या पोरीचा मान राखत बसली होती. आम्ही परत परत विचारून मान देतो, ते एकदा विचारून देतात. एवढंच आहे ते. ही गोष्ट शिकवायला कांगारू लागत नाही. एक कप चहा पुढं ठेवला असता आणि पहिल्या नकोवर उचलून नेला असता, तर तुमच्या सगळ्या पोरी एका दिवसात शिकल्या असत्या. तुमच्या सरांना हे माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणण्याऐवजी त्यांनी पोरींना नो प्रॉब्लेम पाठ करायला लावलं. प्रॉब्लेम होता. पोरीच्या छातीवर बसला होता.

सुलतानबीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मग त्या बाईला जेवायला बोलावलं तर ती पहिल्याच बोलावण्याला येईल म्हणायची. नाझनीन म्हणाली, येईल अम्मी, आणि काय आणू तेही विचारेल. माझ्या बहिणीला ते काही पटलं नाही. पाहुण्यानं जेवण घेऊन यायचं हे तिच्या कबरीपर्यंत तिला पटणार नाही, आणि पटायची गरजही नाही.

बाईनं पुढचंही सांगितलं. दुसरी जागा मोकळी होतेय. नाझनीनला ती घ्यायला तयार आहे. पण आश्रमाचा करार तुमच्या केंद्राशी आहे. नाझनीनचं नाव तुमच्याकडून परत कळवलं गेलं पाहिजे, या महिन्याअखेर. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

म्हणून मी आणि नाझनीन लातूरला आलो. लोह्याच्या पुढं बस बिघडली, ते जाऊ द्या. तुमच्यासमोर बसलो. तुम्ही विचारलं, चहा घेणार? नाझनीन म्हणाली, हो सर, घेते, साखर कमी. तुम्ही तिच्याकडं कसं बघितलं ते मला आठवतं. तुमचा शिपाईसुद्धा थबकला. पोरगी पहिल्यांदा तुमच्या पाटीवर लिहिलंय तशी वागत होती, आणि तुम्हाला ती उर्मट वाटली.

तिनं सगळं सरळ सांगितलं. तुम्ही मान हलवली. म्हणालात, बघू. म्हणालात, करून टाकू, काळजी करू नका. म्हणालात, सरांशी बोलून घेतो. आम्ही जिन्यावर आलो तेव्हा तिनं मला विचारलं, मामू, हे हाव म्हणाले का न्हाई? होकार समजायचा का नकार?

मी काय सांगू? इथं जन्म गेला माझा. आपल्याकडं बघू म्हणजे काय असतं ते मला कळतं. गिऱ्हाइकाला उधारी द्यायची नसली की मीही बघू म्हणतो. तोंडावर न्हाई म्हणायची छाती आपल्यात कुणाचीच नाही, तुमची नाही आणि माझीही नाही. म्हणून तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. पण माझ्या बघूनं फार तर एखादं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. तुमच्या बघूनं ही पोरगी जन्मभर इथल्या दवाखान्यात बसेल, आणि दुसऱ्यांच्या पुढं ताट सरकवत राहील.

त्यानंतर आम्ही फोन लावले. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब बाहेर आहेत. तुमच्या सरांनी एकदा उचलला आणि म्हणाले, होऊन जाईल. साक्षी तिकडं पोचलीसुद्धा. तिनं त्या आश्रमातून फोन केला, की नाझनीनचं नाव अजून आलं नाही, जॅनेट रोज विचारते. जी बाई एकदाच विचारते ती रोज विचारून राहिली, साहेब. तिनं आमच्यासाठी तिची रीत मोडली.

तुम्ही नाव का पाठवत नाही ते मला माहीत नाही. कदाचित पोरीनं नाही म्हटल्याची नोंद झालीय आणि ती बदलली तर तुमच्या सरांची चूक उघडी पडते. कदाचित दुसऱ्या कुणाला शब्द दिलाय. कदाचित आळस. जे असेल ते असो. महिना संपत आलाय. तिची बॅग भरून पलंगाखाली आहे. सुलतानबी त्यात रोज एक वस्तू घालते आणि नाझनीन वजन होतं म्हणून एक काढते.

नाझनीनचं नाव तुम्ही पाठवणार आहात का? आम्ही आता त्या लोकांच्या रीतीनं विचारतो, एकदाच. तुम्ही न्हाई म्हटलं तर ते न्हाईच समजू आणि पोरीसाठी दुसरा रस्ता शोधू. हाव म्हटलं तर आज पाठवा. पण बघू म्हणू नका. हाव का न्हाई?